निघण्याच्या आदल्या दिवशी

साशंक : वहिनी, निघण्याच्या आदल्या दिवशी घरात जे चालतं ते मला पटत नाही, आणि आज ते स्पष्टच बोलतो. उद्या तुम्ही आणि दादा मुंबईला निघणार, परवा पहाटे पोरीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेचं विमान. आणि घरातल्या बायका सकाळपासून ओट्यापाशी आहेत. भाजणं, कुटणं, पिशव्या बंद करणं, काट्याला बॅग लटकवणं, दोन किलो जास्त भरली की पुन्हा उपसणं. माणशी २३ किलोंच्या दोन बॅगा, दोघांच्या मिळून चार. त्या चार बॅगांत जे चाललंय त्यातलं निम्म्याहून जास्त डॅलसमध्ये पोरीच्या घराजवळच्या दुकानात मिळतं. १९६५ साली अमेरिकेने कायदा बदलला आणि आपल्याकडचे डॉक्टर, इंजिनिअर तिकडे जाऊ लागले. त्या पहिल्या पिढीला हिंग मिळत नव्हता, तूरडाळ मिळत नव्हती. त्यांच्या आयांनी बॅगा भरल्या, ते योग्यच होतं. पण १९७४ साली शिकागोच्या डेव्हन अव्हेन्यूवर पटेल ब्रदर्सचं पहिलं दुकान उघडलं, आणि आज डॅलसच्या आसपास अशी दुकानं मोजावी लागतील. ज्वारीचं पीठ, गूळ, पोहे, शेंगदाणे, खारीक, डिंक, सगळं तिथल्या फळीवर आहे. गरज संपून पन्नास वर्षं होत आली. तरी आपण त्या पहिल्या पिढीच्या धास्तीनेच बॅगा भरतो. त्या धास्तीची किंमत म्हणजे तुमचा आजचा अख्खा दिवस. आणि तो दिवस कशाला हवा होता, हे मी पुढे सांगेन.

उत्साही : भाऊजी, त्या दुकानात येसर मिळतं का, ते आधी सांगा. गहू, हरभऱ्याची डाळ, बाजरी वेगवेगळी भाजायची, धने, मिरची, मसाला घालून दळायचं. उकळत्या पाण्यात चार चमचे कालवलं की दहा मिनिटांत आमटी होते. लग्नाच्या पंगतीत आपल्याकडे येसर आमटी नसली तर माणसं विचारतात. पुण्यातल्या दुकानातसुद्धा ते सहज सापडत नाही, डॅलसचं सोडाच. आणि ते बाळंतिणीसाठी नाहीच, बाळंतिणीचं करणाऱ्यांसाठी आहे. रात्री दोनदा, तीनदा बाळ उठणार. जावई दिवसभर काम करून येणार. मला परक्या स्वयंपाकघरात विजेची शेगडी, तिचे खटके, सगळं शिकायचंय. अशा वेळी दहा मिनिटांत पोटभर काही करता आलं पाहिजे. बाजरीच्या खारोड्या आहेत, नुसत्या तळल्या तरी चालतात. मेतकूट आहे, मऊ भातावर घातलं की जेवण झालं. मी धास्तीने भरत नाही. तिथल्या पहिल्या तीन आठवड्यांचं वेळापत्रक डोक्यात मांडून त्यातली एकेक वेळ सोपी करून ठेवतेय.

दुपट्यांचंही तसंच. तिथे बाळाचे कपडे ढिगाने मिळतात, मला ठाऊक आहे. पण आईंच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या नऊवारीची दुपटी जितकी मऊ असतात, तितकं नवं कापड पन्नास धुण्यांनंतरच होतं. तोवर बाळ रांगायला लागतं.

साशंक : येसराचं मान्य. पण जे भरलंय त्यातलं काय पोहोचणार, हे कोणी पाहिलंय का? मघाशी मी खोबऱ्याच्या वाट्या पाहिल्या. सुकं खोबरं विमानात चालत नाही. हातातल्या पिशवीतही नाही आणि खाली जाणाऱ्या बॅगेतही नाही. त्यात तेल असतं, साठ्यात ते आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं, म्हणून जगभरच्या विमानवाहतुकीत त्याची गणना धोकादायक मालात होते. देवासाठी घेतलेला कापूर तसाच, तो तर पेटण्यासाठीच असतो. मोबाइल चार्ज करायची पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकलीत, ती हातातल्या पिशवीतच हवी.

ही झाली विमानाची गोष्ट. उतरल्यावर दुसरी चाळणी आहे. अमेरिकेने आपल्यासारख्या देशांतून प्रवाशांच्या सामानातून तांदूळ, हरभरे, सोयाबीन आणि करडई आणायला मनाई केली आहे. नावं ऐका वहिनी. तांदूळ सोडला तर तिन्ही आपल्या मराठवाड्याची पिकं. कारण खापरा नावाचा भुंगेरा. त्याची अळी पोत्याच्या शिवणीत, भिंतीच्या भेगेत दडते आणि खायला काही नसलं तरी महिनोन् महिने जगते. १९५३ साली ती कॅलिफोर्नियाच्या गोदामांत सापडली. गोदामं ताडपत्रीत गुंडाळून विषारी वायूची धुरी द्यावी लागली, आणि ती कीड निपटायला दहा वर्षांहून जास्त गेली. त्यामुळे तुमची ती हरभऱ्याची पुरचुंडी तिथल्या अधिकाऱ्याला पुरचुंडी दिसत नाही.

कढीपत्त्याचंही तेच. तुम्ही अंगणातला कढीपत्ता धुऊन, वाळवून कागदात बांधलाय. मोसंबीवर येणारा सायला तुम्हाला माहीत आहे, जालन्याच्या बाजूला आपल्या मामांच्या बागेत त्याच्यावर फवारणी होते. तोच सायला कढीपत्त्यावर वाढतो आणि लिंबूवर्गीय झाडांत ग्रीनिंग हा रोग पसरवतो. २००५ साली हा रोग फ्लोरिडात आढळला आणि वीस वर्षांत तिथल्या संत्र्याच्या बागा जवळजवळ कोसळल्या. झाड पिवळं पडतं, फळ वाकडं आणि कडू होतं, औषध नाही. मोसंबी पिकवणाऱ्या मुलखातल्या माणसाने तरी हा नियम जाचक म्हणू नये. आपली बाग वाचावी म्हणून आपणही हाच नियम केला असता.

उत्साही : म्हणजे तुम्ही नियमाच्या बाजूने बोलताय, आणि मीही नियमाच्याच बाजूने आहे. खोबऱ्याच्या वाट्या मी काढते, कढीपत्ताही काढते. हरभऱ्यांचं कारण मला माहीत नव्हतं, आता पटलं, तेही इथेच राहतील. पण एक गोष्ट लक्षात घ्या. कच्चं धान्य आणि भाजून दळलेलं पीठ यांत तो अधिकारीही फरक करतो. आपल्या बायका पिढ्यान् पिढ्या प्रवासाला निघताना भाजून, तळून, वाळवून, दळून घेत आल्या. त्यामागे टिकण्याचा विचार होता, म्हणजे कीड लागू नये हाच. त्या अर्थाने आजचा ओट्यावरचा खटाटोप त्या नियमाच्या विरुद्ध नाही, त्याच दिशेचा आहे. प्रत्येक पुडीवर मी इंग्रजीत चिठ्ठी लावलीय, आत काय काय आहे ते. उतरल्यावर खाण्याचे पदार्थ आहेत का असं विचारलं की ‘होय’ सांगायचं, बॅग उघडून दाखवायची, ते काढतील ते काढू द्यायचं. लपवलं तर दंड होतो, सांगितलं तर फार तर पुडी जाते. लपवायचं नाही हे आमचं ठरलंय.

साशंक : आणि दुसऱ्यांनी दिलेल्या पुड्या? सकाळपासून चार घरांतून आल्या. कोणाचा मुलगा ह्यूस्टनला, कोणाची भाची ऑस्टिनला. सगळ्या चिकटपट्टीने बंद. विमानतळावर पहिला प्रश्न असतो, बॅग तुम्ही स्वतः भरलीत का, कोणी काही दिलंय का. खसखशीची एवढीशी पुडी आपल्या स्वयंपाकघरात निरुपद्रवी, पण तीच दुबईत सापडली तर गुन्हा होतो, कारण खसखस अफूच्या बोंडातली. तुमचं विमान तिकडूनच बदलतंय. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेल्या डब्यात ती असेल, आणि त्यालाही माहीत नसेल.

उत्साही : हे तुमचं सगळ्यात बरोबर बोलणं. मी प्रत्येकीला सांगितलंय की पुडी माझ्यासमोर उघडा, मीच भरेन. एक जण जरा नाराज झाल्या. पण समोरासमोर उघडण्यात अपमान नाही, हे आपणच एकदा रुळवायला हवं. शेजाऱ्यांची वस्तू नाकारायला मात्र मी तयार नाही. आपल्या शहरात नळाला पाणी रोज येत नाही, कित्येक दिवसांआड येतं. जायकवाडीचं धरण इथून पन्नासेक किलोमीटरवर, तरी पाण्याचा दिवस आला की घरात कोणीतरी हजर लागतं. सहा महिने आमच्या पाठीमागे मोटार लावायला, टाकी भरली की बंद करायला याच शेजारणी येणार आहेत. त्यांच्या पोराला पाव किलो चटणी नेण्याइतकी जागा माझ्या बॅगेत नसेल, तर मी त्यांच्याकडे किल्ली कोणत्या तोंडाने देऊ?

साशंक : आता मी सुरुवातीला म्हणालो त्याकडे येतो. हा दिवस कशाला हवा होता? दादांचं निवृत्तिवेतन आहे. नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, आणि नोव्हेंबरात तुम्ही तिकडे. तो कसा जाणार, हे अजून कोणी पाहिलेलं नाही. बँकेचा संदेश इथल्या नंबरवर येतो. तो नंबर परदेशात चालू ठेवायला रोमिंग घ्यावं लागतं, ते घेतलेलं नाही. दादांच्या रक्तदाबाच्या आणि तुमच्या थायरॉइडच्या गोळ्या सहा महिन्यांच्या हव्यात. मूळ वेष्टनात हव्यात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हव्यात, आणि चिठ्ठीत ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव हवं, कारण तिकडचा डॉक्टर आपला ब्रँड ओळखणार नाही. त्या हातातल्या पिशवीत हव्यात, बॅग हरवली तरी गोळ्या हरवू नयेत म्हणून. विमा दादांनी सर्वांत स्वस्त घेतला. स्वस्त विमे आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च बहुधा देत नाहीत, आणि साठीनंतर माणसाला होणारं बरंचसं दुखणं आधीपासूनच असतं. हे सगळं एका माणसाच्या दोन तासांचं काम आहे. ते झालं नाही, कारण सगळ्यांचे हात लाडवात आहेत. उद्या चार बॅगा घेऊन वंदे भारतमध्ये चढायचं की समृद्धीवरून गाडी करून जायचं, एवढंही ठरलेलं नाही.

उत्साही : सगळ्यांचे नाहीत, भाऊजी. बायकांचे. तुम्ही सांगितलेल्या यादीत बायकांनीच करायला हवं असं काहीही नव्हतं. विमा ह्यांनी घेतला, गोळ्या औषधांच्या दुकानातून आणायच्या होत्या, रोमिंगला फोन लावायचा होता. तुम्ही सकाळी दहाला आलात. आता तीन वाजलेत. ओट्यावरचं काम दिसतं म्हणून त्याला नावं ठेवली जातात, आणि कागदांचं काम कोणी केलं नाही तरी दोष ओट्यावरच येतो. लाडू झाले नसते तर ती दोन तासांची कामं आपोआप झाली असती का?

साशंक : नसती झाली. ते मी मान्य करतो, आणि रोमिंग, दाखला आत्ता माझ्याकडे द्या. पण म्हणून माझा आक्षेप संपत नाही, उलट तो जिथे जायला हवा होता तिथे जातो. तुम्ही म्हणता बायकांचे हात. मी म्हणतो, मुळात तुम्ही का जाताय? आपल्याकडे २०१७ साली कायदा सुधारला आणि पगारी बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. सगळ्यांना ती मिळत नाही, शेतात राबणारीला तर नाहीच, पण कायदा आहे. अमेरिकेत देशपातळीवर पगारी बाळंतपणाची रजाच नाही. १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे मिळतात, तेही बिनपगारी, आणि तेही पन्नासहून कमी नोकर असलेल्या कंपनीत नाही. कॅलिफोर्निया, न्यू जर्सीसारख्या काही राज्यांनी स्वतःची पगारी रजा सुरू केली. टेक्सास त्यांत नाही. म्हणजे तिसऱ्या महिन्यात पोरगी कामावर, आणि पाळणाघराचा खर्च एका पगाराचा मोठा घास. त्या श्रीमंत देशाने जी जबाबदारी घेतली नाही, ती आपल्याकडच्या साठीतल्या बायका पर्यटकाच्या व्हिसावर जाऊन उचलतात. आधी सहा महिने माहेरचे, मग सहा महिने सासरचे. व्हिसा दहा वर्षांचा, मुक्काम बहुधा एका वेळी सहा महिन्यांचा, म्हणून ही पाळी. सगळं घर याला आनंदाचा प्रवास म्हणतं. मला त्यात कष्ट दिसतात, ज्यांची नोंद कुठल्याच देशात होत नाही.

उत्साही : नोंद होत नाही हे खरं. पण कष्ट आहेत म्हणून आनंद खोटा ठरत नाही. मी नोकरी केली नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. बत्तीस वर्षं या घरात मी जे केलं ते सगळं कोणीतरी सांगितलेलं, ठरवलेलं, किंवा करावंच लागणारं होतं. मुलीने फोन करून ‘आई, तू ये’ म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा मला जे येतं त्याची कोणाला तरी इतक्या लांबून गरज लागली. त्याला तुम्ही तिथल्या कायद्याची पोकळी म्हणा. पोकळी असेल. पण मी तिथे अमेरिकेच्या सरकारसाठी चाललेले नाही. बाळाला तेल लावून, टाळूवर हात ठेवून न्हाऊ घालायचं, ओव्याचा शेक द्यायचा, आईच्या कमरेला पट्टा बांधायचा, हे तिला कोणत्या रजेने शिकवलं असतं? पगारी रजा हवीच. तिच्यासाठी तिथल्या बायकांनी भांडावं, मीही त्यांच्या बाजूने आहे. रजा मिळाली असती तरी मी गेलेच असते.

आणि बॅगांवरून तुम्ही जे बोलता ते नवं नाही. १८८३ साली आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून निघाल्या तेव्हा अठरा वर्षांच्या होत्या. निघण्याआधी फेब्रुवारीत सेरामपूरला त्यांनी सभेत उभं राहून सांगितलं की मी अमेरिकेला का जाते, आणि हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन. साडी, शाकाहार, सगळं सोबत नेलं. आज आपल्याला ते ओझं वाटेल. पण त्या ओझ्यानेच त्यांना जाऊ दिलं. ते नेलं नसतं तर घरच्यांनी आणि समाजाने पाऊल उचलू दिलं नसतं.

साशंक : आणि तिकडची थंडी? त्या पेनसिल्व्हानियात शिकत होत्या. नऊवारीत पाय उघडे पडतात. त्यांच्या तब्येतीचं काय झालं ते आपण जाणतो. मार्च १८८६ मध्ये पदवी मिळाली, २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात क्षयाने गेल्या, बावीस वर्षं पूर्ण होण्याआधीच. क्षयाचं कारण साडी नव्हे, तसा खोटा दावा मी करणार नाही. पण घर सोबत नेण्याची अट त्यांच्यावर इतरांनी घातली होती, आणि ती पाळण्याचे कष्ट त्या एकट्यांनी केले, हे तर खरं? मला तीच भीती आहे. तिथे पोचल्यावर तुम्ही इथलं स्वयंपाकघर तिथे उभं करणार, एकट्या. पोरीला ते हवं आहे का, हे तुम्ही विचारलंत? तिला कदाचित आई हवी आहे, येसर नको आहे. कदाचित संध्याकाळी शेजारी बसलेली, काही न करणारी आई हवी आहे.

उत्साही : आनंदीबाईंनी पुढे थंडीसाठी गुजराती पद्धतीने साडी नेसायला घेतली, हेही सांगा. नेलेली वस्तू तिथे बदलते. नेणाऱ्याला अक्कल असते. मीही तिथे सहा महिने येसरच करत बसणार नाही. पण तुमचा शेवटचा प्रश्न मला लागला. तिला काय हवं हे मी विचारलं, आणि तिने जे सांगितलं ते भरलं. डिंकाचे लाडू, दुपटी, मेतकूट. ती म्हणाली, बाकी काही नको. बाकीचं मी भरलं. हे खरं आहे.

साशंक : मग एक गोष्ट सांगतो. वाळूजला माझ्यासोबत काम करणारे एक गृहस्थ हजला गेले. आपल्या चिकलठाण्याच्या विमानतळावरून काही वर्षं हजसाठी थेट जेद्दाहला विमानं गेली आहेत, तुम्हाला आठवत असेल. निघण्याआधीचे त्यांचे दिवस मी जवळून पाहिले. सामान थोडं, इहरामची दोन बिनशिलाईची पांढरी वस्त्रं. पण त्याआधी त्यांनी सगळी उधारी फेडली. ज्यांच्याशी कधी खटका उडाला होता त्यांच्या घरी जाऊन ‘काही कमीजास्त झालं असेल तर माफ करा’ म्हणाले. माझ्याकडेही आले. मृत्युपत्र लिहिलं. पाठीमागे घरचा खर्च कसा चालेल याची तजवीज केली. त्यांच्या धर्मात ही तयारी सांगितलेलीच आहे, निघणाऱ्यावर कोणाचं देणं राहू नये. आपल्याकडे परदेशी निघणारा पुढे काय न्यायचं याचाच विचार करतो. मागे काय सोडून जातो, कोणाचं देणं ठेवून जातो, हा आपल्या तयारीचा भागच नाही.

उत्साही : त्यांच्या घरातल्या बायकांनीही प्रवासासाठी डबे केले असतील. ते तुम्ही विचारलं नसेल. पण मागे राहिलेल्या देण्याचं तुम्ही म्हणालात ते मी टाळणार नाही, कारण गेला महिनाभर माझ्या मनात तेच आहे. तुम्हाला आईंबद्दल बोलायचंय.

साशंक : हो. आईंचं वय चौऱ्याऐंशी. तुम्ही ठरवलंय की दिवसा बाई येईल, रात्री भाचा झोपायला येईल. तीस वर्षं तुम्ही त्यांचं केलंत, त्यामुळे तुमच्यावर माझा आरोप नाही. पण सहा महिने हा या वयात मोठा काळ आहे. तिकडे बाळंतीण आहे, इकडे म्हातारी आहे, आणि दोघींना हवी असलेली बाई एकच आहे. ती कुठेही गेली तरी कोणाचं तरी देणं राहणारच. तुम्ही लाडू वळताय, कारण लाडू वळण्याने हा प्रश्न आजच्यापुरता दिसेनासा होतो.

उत्साही : थोडंसं तसं असेल. सगळं तसं नाही. पण भाऊजी, दोघींना हवी असलेली बाई एकच का आहे? आईंना तीन मुलं. एक पुण्यात, एक तुम्ही, एक हे. ह्यांना मी सोबत नेतेय, कारण ते इथे एकटे स्वतःचा चहा करू शकत नाहीत. हे मी दोष म्हणून सांगत नाही, आपण सगळ्यांनी मिळून त्यांना तसं ठेवलं. तुमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आईंना जिने चढवत नाहीत, म्हणून तुमच्याकडे नको, असं तुम्हीच ठरवलं आणि आम्ही मानलं. पण तुम्ही इथे येऊन राहू शकता, हे कोणी सुचवलं नाही. तुम्हीही नाही, मीही नाही. मुलाने आईसाठी सहा महिने घर बदलावं हे आपल्या कोणाच्या डोक्यातच आलं नाही. सुनेने मुलीसाठी समुद्र ओलांडावा हे मात्र एका फोनवर ठरलं.

साशंक : मी इथून वाळूजला जाऊ शकतो. अंतर जास्त पडेल, पण बस आहे. बायकोशी बोलावं लागेल. तिची नोकरी, मुलाची दहावी. आत्ता ‘हो’ म्हटलं तर ते उत्साहाच्या भरात म्हटल्यासारखं होईल. उद्या सकाळी तुम्ही निश्चिंत निघाल आणि महिन्याभरात मी परत माझ्या घरी असेन. तसलं ‘हो’ मला नको.

उत्साही : मलाही नको. आणि ‘हो’ म्हणालात तरी माझं मन लगेच सुटणार नाही. आईंना रात्री दोनदा उठवावं लागतं, गोळीच्या वेळा आहेत, जेवणात मीठ कमी लागतं. बाळाचं कसं करायचं हे मी जितकं मन लावून दुपट्यांसोबत भरलं, तितकं मन लावून आईंचं कसं करायचं हे कोणासाठी लिहून ठेवलं नाही. ते आज रात्री लिहीन. त्यात तुम्हाला लाडवांपेक्षा जास्त कष्ट दिसतील.

साशंक : बॅगांबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. तिने मागितलं तेवढंच न्या, बाकी एक बॅग रिकामी करा.

उत्साही : अर्धी करेन. येसर राहील.

साशंक : आणि मुख्य गोष्ट राहिलीच. बाई ठेवायची, भाचा येणार, मी राहायला यायचं की नाही, हे सगळं आपण या खोलीत ठरवतोय. आई पलीकडच्या खोलीत आहेत. त्यांचं डोकं आपल्या दोघांपेक्षा साफ चालतं.

उत्साही : त्यांना कोणी विचारलेलं नाही. मीही नाही. निघायचं उद्या सकाळी आहे, आणि ह्यांना बँकेतून यायला अजून तासभर लागेल. तुम्ही माझ्यासोबत चला, दोघं मिळून विचारू. त्या ‘जाऊ नकोस’ म्हणाल्या तर काय करायचं, ते मला आत्ता माहीत नाही. तरी विचारायला हवं.